घरच्या पाणबुडीसाठी कॅमेरा मास्ट कसा बांधायचा: मास्ट मोडला तरी बोट कोरडी राहिली पाहिजे

पाणबुडी बांधणारे लोक हल (बोटीचं बंद अंग), बॅलास्ट टाक्या (ज्यांत पाणी भरून बोट बुडवतात) आणि बॅटरी यांच्यामागे वर्षं घालवतात आणि पेरिस्कोपचं काम मात्र एकदम शेवटी, एक पाइप उभा करू आणि वर कॅमेरा लावू म्हणून उरकून टाकतात. मला यावर नीट लिहायचंच होतं, कारण हा पाइप, म्हणजेच मास्ट, हे हलला आपण आपल्या हाताने पाडलेलं भोक आहे, आणि तेही सगळ्यात वर, जिथे दोर, तरंगतं लाकूड, दुसऱ्याची होडी, काहीही येऊन आपटू शकतं.

आधी एक हिशोब बघा. ५० मिमी आतला व्यास असलेला पोकळ पाइप सरळ हलमध्ये उघडतोय आणि तो बुडाशी मोडला, वर २ मीटर पाणी आहे. मिनिटाला ४०० लिटरच्या वर पाणी आत येतं. छोट्या एका माणसाच्या बोटीत त्यावर कुठलाही पंप पुरा पडत नाही. तेच भोक १० मिमीचं असेल तर त्याच खोलीवर मिनिटाला साधारण १८ लिटर, म्हणजे चांगला बिल्ज पंप (बोटीत आलेलं पाणी उपसणारा) चालू करून वर यायला वेळ मिळतो. पुढचं सगळं डिझाइन या दोन आकड्यांवर उभं आहे. मास्ट मुळासकट उखडला तरी हलला काही होता कामा नये, एवढी एकच अट डोक्यात ठेवा, बाकी सगळं तडजोडीचं आहे.

आरशांचा पेरिस्कोप की कॅमेरा

आरशांचा पेरिस्कोप बांधायला सोपा वाटतो, ४५ अंशात दोन आरसे आणि मधे नळी. पण नळी लांब झाली की दिसणारा भाग एकदम आकसतो. ५० मिमी रुंद नळी आणि डोळ्यापासून वरच्या आरशापर्यंत १ मीटर अंतर, तर तुम्हाला जेमतेम ३ अंश दिसतं. म्हणजे किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. खऱ्या पाणबुड्यांच्या पेरिस्कोपमध्ये म्हणूनच मधे भिंगांची रांग असते, दुर्बिणी एकमेकींना जोडल्यासारखी, आणि ती घरी जुळवणं हे वेगळंच काम आहे. अजून एक गंमत म्हणजे नुसता वरचा आरसा फिरवला तर चित्रही फिरतं, मागे बघायला गेलात की सगळं उलटं दिसतं. त्यामुळे अख्खी नळीच फिरवावी लागते, आणि फिरणारी नळी म्हणजे हलमध्ये फिरतं सील.

कॅमेऱ्याचा खरा फायदा चित्रात नाही, भोकात आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया क्लासच्या पाणबुड्यांमध्ये, त्यातली पहिली २००४ मध्ये नौदलात आली, हलमधून आरपार जाणारा पेरिस्कोपच नाही, बाहेर कॅमेऱ्यांचा मास्ट आहे आणि आत फक्त केबल येते. आपल्यालाही नेमकं तेच हवंय.

मास्ट पाण्याने भरू द्या

बहुतेक जण मास्टचा पाइप वरून खालपर्यंत सीलबंद करतात. मी म्हणतो करू नका. पाइपला बुडाशी आणि वर भोकं पाडा, १० ते १२ मिमीची, प्रत्येक टोकाला तीन चार, म्हणजे पाणी मोकळं आत बाहेर होईल. पाइप हा नुसता खांब, सील फक्त दोनच ठिकाणी: वर कॅमेऱ्याचं डोकं, जे स्वतः पूर्ण बंद डबी आहे, आणि खाली हलमध्ये केबल जिथे शिरते ते छोटं पेनिट्रेटर, म्हणजे केबल आत नेणारा सीलबंद तुकडा. पाइपला चीर गेली, वाकला, तुटला, काही फरक पडत नाही, कारण आत आधीच पाणी आहे.

याचा एक तोटा आहे तो सांगतो. बंद पाइप पाण्यातून वर आलेला असेल तर तो बोटीला खोली धरायला थोडी मदत करतो. ६० मिमीचा बंद पाइप दर मीटरला २.८ लिटर पाणी सारतो, म्हणजे बोट ३० सेंमी खाली गेली की जवळजवळ ८५० ग्रॅमचा वर ढकलणारा जोर आपोआप मिळतो. भरणाऱ्या पाइपमध्ये हे मिळत नाही, त्यामुळे ट्रिम (बोटीचं वजन आणि तोल जुळवणं) जास्त काळजीने करावी लागते. मी तो तोटा आनंदाने घेतो.

पाइपसाठी ६०६१ ॲल्युमिनियम, बाहेरून ६० मिमी, जाडी ३ मिमी, चांगला चालतो. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर ॲनोडाइझ करून घ्या, आणि स्टीलचे बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतात तिथे नायलॉनचे वॉशर आणि जॉइंटिंग पेस्ट लावा, नाहीतर काही महिन्यांत बोल्टभोवती पांढरी पावडर दिसायला लागते आणि बोल्ट निघत नाही. ३१६ स्टेनलेसही छान, पण जड, आणि इतक्या वर वजन नको. मास्टवरचा प्रत्येक किलो बोटीच्या गुरुत्वमध्यापासून दीड दोन मीटर वर बसतो, म्हणजे तो तोलायला खाली कीलमध्ये (बोटीच्या तळाच्या कण्यात) कितीतरी जास्त शिसं लागतं. डोकं दीड किलोच्या आत बसवायचा हट्टच धरा.

उंची किती? हलच्या माथ्यापासून दीड मीटर हे मला छोट्या बोटीसाठी बरोबर वाटतं, म्हणजे हलवर १ मीटर पाणी आणि कॅमेरा पाण्याच्या वर अर्धा मीटर. छोट्या बोटीला खोली सेंटीमीटरमध्ये धरता येत नाही, १५ ते २० सेंमी वर खाली होणारच, वर लाटा वेगळ्या, त्यामुळे अर्ध्या मीटरपेक्षा कमी ठेवलं तर निम्मा वेळ स्क्रीनवर पाणीच दिसतं. अर्ध्या मीटरवरून क्षितिज अडीच किलोमीटरवर येतं, आपल्याला त्याहून लांबचं बघायचंच नसतं.

आता पाण्याचा जोर. पूर्ण मास्ट पाण्याखाली असताना सेकंदाला १ मीटर वेगाने गेलात तर त्यावर साधारण ५ किलोचा जोर येतो, वेग दुप्पट केला की चौपट, म्हणजे २० किलो. पाइप याने मोडत नाही, ६० मिमीच्या पाइपला हे काहीच नाही, पण बुडाचं फ्लँज (पाइपच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) आणि त्याखालचा हलचा भाग हा जोर खातो, आणि हा ओढा बोटीच्या वरच्या बाजूला असल्यामुळे नाक वर उचललं जातं. पहिल्यांदा मास्ट लावून वेग घेतला की ट्रिम बिघडल्यासारखं वाटतं ते यामुळे. दुसरी गोष्ट थरथर. गोल पाइपच्या मागे पाण्याचे भोवरे एकदा डावीकडून एकदा उजवीकडून सुटतात, ६० मिमी पाइपला १ मीटर वेगाने सेकंदाला ३ वेळा आणि २ मीटर वेगाने ६ ते ७ वेळा. मास्टचं स्वतःचं डुलणं याच आकड्याजवळ असेल तर चित्र बघवत नाही. उपाय सोपा, मागच्या बाजूने अर्ध्या उंचीपर्यंत एक तिरपा आधार द्या, आणि बुडाचं फ्लँज किमान १० मिमी जाड घ्या.

फ्लँज हलला थेट आरपार बोल्टने जोडू नका. हलवर आधी एक पॅड वेल्ड करा, त्यात आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, भोकं पाडून आटे पाडा, म्हणजे बोल्टचं भोक हलच्या आत उघडतच नाही. आणि बोल्ट मुद्दाम पॅडपेक्षा कमजोर निवडा, नायलॉनचे नाही, पण पितळेचे छोटे चालतील, म्हणजे मास्ट दोरात अडकून जोरात ओढला गेला तर बोल्ट तुटावेत, पॅड उपटू नये. केबललाही बुडाशी एक हातभर सैल ठेवा आणि वाटेत प्लग टाका, म्हणजे मास्ट गेला की केबल प्लगपाशी सुटेल आणि पेनिट्रेटर जागेवर राहील. त्यासाठी प्लग हा केबलचा सगळ्यात कमजोर सांधा असला पाहिजे. ओल्या जागी चालणारे प्लग महाग असतात, नसेल परवडत तर पेनिट्रेटरच्या पुढे एक फूटभर अंतरावर केबल पॅडलाच क्लँप करा, ओढ क्लँप खाईल.

मास्ट वर खाली सरकवायचा मोह होतो, मला कळतं, पण पहिल्या बोटीला तो करू नका. हलमधून सरकणारा ६० मिमीचा बंद मास्ट वर असतानाच बोट १० मीटरला गेली तर पाणी त्याला २८ किलोने आत ढकलतं, आणि कुलूप सुटलं तर तो पाइप तुमच्या डोक्याशी येतो. फारच अडचण होत असेल, पुलाखालून जायचं असेल, ट्रेलरवर घालायचं असेल, तर बुडाशी बिजागरी लावा आणि मागे आडवा पाडा. सगळी यंत्रणा हलच्या बाहेर, सील एकही वाढत नाही.

डोकं

इथे वेळ घाला. सगळं पाणी शिरतं ते इथे.

डोक्याची डबी ॲल्युमिनियमची किंवा एसिटल प्लास्टिकच्या रॉडमधून लेथवर काढलेली, वर ॲक्रिलिकचा घुमट. कॅमेरा फिरवायचा असेल तर तो घुमटाच्या आतच एका छोट्या सर्व्होवर फिरवा, डबी फिरवू नका. फिरणारा भाग सगळा कोरड्या जागेत राहिला की फिरतं सील लागतच नाही. केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना १७० अंशांवर थांबवा आणि केबलला आत एक सैल वेटोळं ठेवा. हेही नको असेल तर चार स्थिर कॅमेरे चार दिशांना लावा, ते मला खरंतर जास्त आवडतं, हलणारं काहीच नाही आणि एक गेला तरी तीन उरतात.

१०० मिमी व्यासाच्या घुमटावर १० मीटर खोलीला जवळपास ७८ किलोचा जोर येतो. म्हणून घुमट असा बसवा की पाणी त्याला बैठकीवर दाबेल, बाहेर ओढणार नाही. ॲक्रिलिक कास्ट घ्या, एक्स्ट्रूडेड नको, ते लवकर चिरतं. ॲक्रिलिकला बोल्टची भोकं पाडू नका, वरून धातूची रिंग ठेवून दाबा, मधे पातळ रबर, आणि बाजूने थोडी फट सोडा कारण उन्हात ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं. आणि हे अगदी ठळक लक्षात ठेवा, ॲक्रिलिक थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांनी पुसायचं नाही. पुसल्यावर चकाचक दिसतं आणि मग काही तासांनी किंवा दिवसांनी कडेला केसासारख्या बारीक चिरा येतात. माझा एक घुमट असाच गेला, तो पाण्यात न उतरताच कचऱ्यात टाकावा लागला. साधा साबण, पाणी, मऊ कापड, बस.

ओ-रिंग नायट्राइल रबराची, कडकपणा ७० शोअर. ३ मिमी जाडीची रिंग असेल तर खाच साधारण २.३ ते २.४ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद काढा, म्हणजे रिंग वीस टक्क्यांच्या आसपास दबते आणि तिला बाजूला पसरायला जागा राहते. खाच रिंगेने गच्च भरली तर दाब नीट बसत नाही. लेथवाल्याला सांगा की खाचेचा तळ गुळगुळीत हवा, गोल गोल टूलच्या रेषा चालतील पण आडवी एकही रेघ नको, आडव्या रेघेतून पाणी वाट काढतं. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, चमक येईल एवढाच. थापून लावलं तर धूळ आणि केस चिकटतात, आणि एक केस रिंगेखाली आला की ते सील गेलंच समजा.

लेन्सभोवती काळ्या फोमची रिंग लावून ती घुमटाला टेकवा, नाहीतर घुमटात आतल्या गोष्टींचं प्रतिबिंब दिसतं. ही रिंग स्थिर कॅमेऱ्याला लावता येते. फिरणारा असेल तर आतलं सगळं मॅट काळं रंगवा. रात्रीसाठी कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी असतील तर ते बंद करा किंवा वायर कापा, तो प्रकाश घुमटावर आपटून सगळं पांढरं धुकट करतो.

कॅमेरा कुठला

वायफाय कॅमेरा हा विचारच सोडून द्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात फारच लवकर मरते, खाऱ्या पाण्यात तर काही सेंटीमीटरमध्येच, आणि धातूच्या हलमधून तशीही जात नाही. केबलच हवी. त्यात मी ॲनालॉग किंवा एएचडी (ॲनालॉगच, पण जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा घेईन, गाडीला मागे लावतात तसा, १२ व्होल्टवर चालणारा. नेटवर्क कॅमेऱ्याचं चित्र जास्त सुंदर असतं पण ते उशिरा येतं, अर्धा सेकंद सहज, कधी जास्त, शिवाय मधे कुठलातरी राउटर किंवा कॉम्प्युटर लागतो जो नेमका नको तेव्हा रीस्टार्ट होतो. ॲनालॉगला कॅमेरा, दोन वायरी आणि स्क्रीन एवढंच.

लेन्सची निवड मात्र विचार करून करा. १९२० पिक्सेल रुंद चित्र ९० अंशांवर पसरलं तर एका अंशाला २१ पिक्सेल मिळतात, आणि ३०० मीटरवरची ३ मीटर रुंद होडी फक्त १२ पिक्सेलची दिसते, स्क्रीनवरचा एक ठिपका. रुंद लेन्समध्ये सगळं आहे त्यापेक्षा लांब वाटतं, आणि तुमच्याकडे येणारी मोटरबोट लांब वाटणं याच्याइतकं धोक्याचं काही नाही. मी पुढच्या दिशेला एक ४० अंशांचा कॅमेरा वेगळा ठेवतो आणि आजूबाजूला रुंद. किनाऱ्यावर उभं राहून ५०, १०० आणि ३०० मीटरवर माहितीची होडी उभी करून स्क्रीनवर ती किती मोठी दिसते ते बघा आणि स्क्रीनच्या कडेला मार्करने खुणा करून ठेवा.

पाण्याखाली बघायचं असेल तर एक लक्षात घ्या, सपाट काचेमागे ९० अंशांची लेन्स पाण्यात ६४ अंशच बघते. घुमटामागे कोन टिकतो पण फोकस जवळ येतो. आपला कॅमेरा मुख्यतः हवेत बघणार, म्हणून फोकस हवेसाठी लावा आणि पाण्याखालचं जे दिसेल ते दिसेल.

पेनिट्रेटर

बाजारातला साधा केबल ग्लँड (केबलभोवती आवळायचं बूच) पावसासाठी असतो, दाबासाठी नाही. पेनिट्रेटर स्वतः बनवा. १६ मिमीचा पितळी किंवा स्टेनलेस बोल्ट घ्या, डोक्याच्या खालच्या बाजूला ओ-रिंगची खाच काढा, मधून केबलपेक्षा दोन मिमी मोठं भोक पाडा. बोल्टचं डोकं हलच्या बाहेर, नट आत, म्हणजे पाणी त्याला आणखी घट्ट करतं. असाच एक डोक्याच्या डबीला.

आता जिथे जवळपास सगळे फसतात ते. केबल बोल्टमधून ओवली आणि भोवती इपॉक्सी भरलं, बाहेरून एक थेंब येत नाही, पण तरी आत पाणी. कारण पाणी केबलच्या आतून येतं, बाहेरच्या आवरणाला कुठेतरी चीर गेली की ते तारांच्या मधून, नळीतून यावं तसं येतं. कोॲक्सची (जाळी गुंडाळलेल्या व्हिडिओ केबलची) जाळी तर वातच आहे, दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून घेते. म्हणून बोल्टच्या आत जो भाग येणार तिथे बाहेरचं आवरण ३० मिमी सोला, प्रत्येक वायरचं इन्सुलेशन मधे १० मिमी सोला, उघड्या तारांमध्ये सोल्डर भरून त्या भरीव करा, जाळीसुद्धा सोल्डरने बंद करा, वायरी एकमेकींना टेकणार नाहीत अशा पसरवा, सोललेल्या जागा वर खाली ठेवा म्हणजे समोरासमोर येत नाहीत. मग सगळं सँडपेपरने खरखरीत करून इपॉक्सी ओता. पातळ, हळू वाळणारं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांवालं नको, आणि बोल्ट उभा धरून एका बाजूने ओता म्हणजे हवा वर निघून जाईल. पॉलिथिनच्या आवरणाला इपॉक्सी चिकटत नाही, पॉलियुरेथेन आवरणाची केबल शोधा.

आतलं धुकं

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत डबी बंद केली तर २६ अंशांच्या खाली ती हवा पाणी सोडायला लागते. बाहेरचं पाणी २० अंशांचं असेल तर खाली गेल्यावर थोड्याच वेळात घुमट आतून धुरकट, आणि तो पुसायला हात जात नाही. डबी कोरड्या एसीच्या खोलीत बंद करा, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, आधी १२० अंशांवर दोन तीन तास भाजून घेतलेल्या. भाजताना दाणे कापडाच्या किंवा कागदाच्या पुडीतून काढून. आणखी चांगलं म्हणजे डबीला एक छोटा स्क्रू प्लग ठेवून त्यातून कोरडा नायट्रोजन किंवा वेल्डिंगचा आर्गॉन मिनिटभर हळू फिरवायचा आणि मग प्लग लावायचा.

बाहेरच्या थेंबांसाठी ॲक्रिलिकला चालणारं मेण किंवा पाणी झटकणारं पॉलिश लावा. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर नको.

चाचणी

डोक्याच्या त्याच स्क्रू प्लगला हातपंपाने व्हॅक्यूम लावा, उणे अर्धा बार, आणि अर्धा तास गेज बघत बसा. अर्धा बार म्हणजे ५ मीटर खोलीइतका जोर, आणि तोही बरोबर दिशेने, बाहेरून आत. काटा हलला तर गळती आहे. फक्त खोलीचं तापमान बदलू देऊ नका, ऊन पडलं तरी काटा हलतो आणि उगाच शोधत बसावं लागतं. आतून हवा भरून साबणाचे फुगे बघायची पद्धत डोक्याला वापरू नका, आतून दाब दिलेला ॲक्रिलिक घुमट सुटला तर डोळा जाईल.

नंतर कॅमेरा काढून डबीत टिश्यू पेपर ठेवा, वजन बांधा आणि दोराने ठरवलेल्या खोलीच्या दीडपट खाली सोडा. तासभर. वर काढल्यावर आधी बाहेरून पूर्ण पुसा, मग उघडा, नाहीतर बाहेरचा थेंब आत पडतो आणि गळती कुठली कळत नाही. टिश्यूवर एक ठिपकाही असेल तर परत सुरुवात. पेनिट्रेटर वेगळे तपासा, केबलचं बाहेरचं टोक मुद्दाम कापून उघडं ठेवून पाण्यात सोडा, म्हणजे सोल्डरचा बंधारा खरंच धरतोय का ते कळतं.

मग मास्ट बोटीवर चढवा आणि उथळ, शांत पाण्यात, बोटीत कोणी नसताना आणि किनाऱ्याला दोर बांधून, मास्ट पाण्याखाली जाईपर्यंत बुडवून ठेवा. त्यानंतरच माणूस आत.

चालवताना क्रम असा ठेवा: खोलीवर असतानाच मोटर बंद, अर्धा मिनिट ऐका, प्रोपेलरचा आवाज पाण्यात लांबून येतो. आवाज नसेल तर हळू वर या, डोकं बाहेर आलं की घुमटावरून पाणी ओघळायला दोन तीन सेकंद द्या, आधी एक चक्कर झटपट आणि मग एक सावकाश. स्क्रीन काळी झाली तर बघण्यासाठी हलच्या माथ्यावर छोटी ॲक्रिलिकची खिडकी असावीच. वर सोबतीची होडी झेंडा लावून असावी, ती कॅमेऱ्याला पर्याय म्हणून नाही, कॅमेऱ्याच्या आधी.

प्रत्येक वेळी बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पाइपच्या खालच्या भोकांत गवत किंवा चिखल अडकलाय का ते काडीने बघा, कारण भोकं बुजली की पाइपमधलं पाणी वरच राहतं आणि बोट विनाकारण डुलायला लागते. सिलिका जेलचा रंग घुमटातून दिसेल अशा जागी पुडी ठेवली असेल तर डबी न उघडता कळतं, रंग बदलला नसेल तर डबीला हात लावू नका.